सरकारी खात्यातली वेलनेस इंटर्नशिप: गोव्यातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार येणारे प्रश्न

फेब्रुवारीत परीक्षेचं वेळापत्रक लागलं की माझ्या फोनवर हे प्रश्न यायला लागतात आणि जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत थांबत नाहीत. मी गोव्यातल्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते आणि उन्हाळ्यात मुलांना सरकारी खात्यांत वेलनेसच्या इंटर्नशिपला पाठवते. प्रश्न मुलांच्याच शब्दांत ठेवले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. वेळ नसेल तर बाकी काही वाचू नका, पण ११, १२ आणि १५ वाचूनच ऑफिसात पाऊल टाका.

१. टीचर, वेलनेस इंटर्नशिप म्हणजे ऑफिसात योगा घ्यायचा का?

योगा हा त्यातला लहानसा भाग. सकाळी धडधाकट कामावर आलेला माणूस संध्याकाळी मान आखडून, डोकं धरून, कुणाचं तरी बोलणं मनात घेऊन घरी जातो. ते कशामुळे होतं हे शोधायचं आणि त्यातलं काय बदलता येईल ते खात्याला सांगायचं, हे खरं काम. खुर्ची, उजेड, पंखा, पिण्याचं पाणी, बाथरूमची कडी, काउंटरवरची रांग, रजा मागताना वाटणारी भीती, हे सगळं त्यात येतं.

आयुष मंत्रालयाचा 'वाय-ब्रेक' हा खुर्चीपाशीच करता येणारा पाच मिनिटांचा योगाभ्यास चांगला आहे, तो जरूर शिकून घ्या. २१ जूनचा योग दिन बहुतेकांच्या इंटर्नशिपमध्ये येतो, त्यामुळे खातं तुम्हाला त्या तयारीला लावणार हे धरूनच चला. मन लावून करा. पण अहवालात फक्त योग दिनाचे फोटो असतील तर मी त्यावर सही करत नाही.

२. मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी नाही. चालेल का?

चालेल. गृहविज्ञान, समाजकार्य, नर्सिंग, वाणिज्य, अगदी संगणकशास्त्राची मुलंही चांगलं काम करून आली आहेत. वाणिज्यच्या एका मुलाने एका कार्यालयातल्या आजारपणाच्या रजांचा महिनावार तक्ता केला होता, नावं न घेता. तो तक्ता पाहून खातेप्रमुख स्वतः जिना उतरून रेकॉर्ड रूम बघायला गेले. तुमच्या शाखेचं जे हत्यार आहे ते घेऊन जा.

३. किती तास करावी लागते? क्रेडिट किती?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीत इंटर्नशिपचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. पदवीच्या मुलांना २ ते ४ क्रेडिट, म्हणजे ६० ते १२० तास. दिवसाला साडेसात तास धरले तर १२० तासांना कामाचे १६ दिवस लागतात. शनिवार-रविवार आणि मधल्या सुट्ट्या धरून जवळजवळ महिना मोकळा ठेवा. तुमच्या महाविद्यालयाचा नेमका नियम इंटर्नशिप समन्वयकांकडून लेखी घ्या. तासांची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा आणि दर शुक्रवारी मार्गदर्शक अधिकाऱ्याची सही घ्या. शेवटी एकदम सह्या मागायला गेलात आणि त्यांची बदली झालेली असली तर काय होतं ते प्रश्न १९ मध्ये आहे.

४. जाहिरात कुठे येते? अर्ज कुणाकडे करायचा?

'वेलनेस इंटर्न पाहिजे' अशी जाहिरात शोधत बसू नका. जागा बहुतेक वेळा पत्राने मिळते. महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीने, खातेप्रमुखांच्या नावे. पत्रात एवढं हवंच: तुम्ही कोण, किती तास, कोणत्या तारखांना, नेमकं काय करणार आणि कर्मचाऱ्यांची वैयक्तिक माहिती गुप्त ठेवणार याची हमी. शेवटचं वाक्य नसेल तर पत्र परत आणून पुन्हा लिहून घ्या.

पत्र इनवर्डला द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, नंबर घ्या. त्या नंबराशिवाय तुमचं पत्र कुठल्या टेबलावर आहे हे कुणीच सांगू शकणार नाही. मार्चमध्ये आर्थिक वर्ष संपत असल्याने सगळे बिलांत बुडालेले असतात, म्हणून पत्र फेब्रुवारीत गेलेलं बरं.

कुठे द्यायचं? या विषयाशी थेट काम असलेली ठिकाणं म्हणजे आरोग्य सेवा संचालनालय, आल्तिनोवरचं कारखाने व बाष्पक निरीक्षणालय (कामगारांची सुरक्षा आणि व्यावसायिक आरोग्य हा त्यांचाच विषय), पाटोवरच्या श्रमशक्ती भवनातलं कामगार आयुक्तांचं कार्यालय आणि सरकारी कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण जिथे होतं ते जुने गोव्यातलं गिपार्ड. पण कर्मचारी तर प्रत्येकच खात्यात आहेत. माझी मुलं सगळ्यात जास्त शिकून आली ती मामलेदार कचेरीतून आणि वीज खात्याच्या उपविभागातून.

५. इंटर्नशिप आणि अप्रेंटिसशिप एकच ना? पैसे किती मिळतात?

एकच नाही. अप्रेंटिसशिप १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली होते. तिचा करार नोंदवावा लागतो आणि विद्यावेतन देणं बंधनकारक असतं. तुमची इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग आहे, तिला पैसे मिळतीलच असं नाही. मंजुरीच्या पत्रात रक्कम लिहिलेली नसेल तर मिळणार नाही असं समजा आणि तिकिटाचा, जेवणाचा हिशेब घरच्यांशी आधीच बोला. महिनाभराचा प्रवास परवडत नाही म्हणून दुसऱ्या आठवड्यात गप्प बसून गळलेली मुलं मी पाहिली आहेत. तसं असेल तर मोकळेपणाने सांगा, जवळच्या तालुक्यातलं कार्यालय शोधता येतं.

६. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत, घरी मराठी, ऑफिसात कोंकणी. प्रश्नावली कुठल्या भाषेत करू?

१९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी ही गोव्याची राजभाषा झाली आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापरालाही जागा ठेवली. फायलींवरची नोट मात्र बहुतेक इंग्रजीत असते. त्यामुळे अहवाल इंग्रजीत चालेल, पण माणसांशी बोलणं त्यांच्या भाषेत. प्रश्नावली मराठीत आणि कोंकणीत अशी दोन्ही भाषांत करा आणि कोंकणी रोमी (रोमन) लिपीत वाचणाऱ्यांना विसरू नका. 'स्ट्रेस' हा शब्द सगळ्यांना कळतो असं वाटतं, पण एका ड्रायव्हरने मला सांगितलं होतं, "मॅडम, स्ट्रेस साहेबांना असता, आमकां फक्त थकवा." तेव्हापासून आम्ही 'रात्री झोप लागते का', 'रविवारी संध्याकाळी सोमवारचा विचार करून पोटात गोळा येतो का' असं विचारतो.

७. ऑफिस साडेनऊचं आणि मी वाळपईहून येते. उशीर चालतो का?

पहिल्याच दिवशी मार्गदर्शकांना बसची वेळ सांगा आणि ते ठरवतील ती वेळ पाळा. छत्री आणि कोरड्या चपला जूनमध्ये ऑफिसातच ठेवा.

८. आठवडा झाला, मला कुणी कामच देत नाही. नुसती खुर्चीवर बसून असते. काय करू?

हा प्रश्न दरवर्षी सगळ्यात जास्त वेळा येतो. कुणी काम देत नाही, कारण तुमचं काम काय हे त्यांनाही माहीत नसतं. मग ते तुम्ही शोधायचं. वही घ्या, परवानगी घ्या आणि तीन दिवस फक्त बघा.

पहिला दिवस जागेचा. पिण्याच्या पाण्याचा फिल्टर कुठल्या टेबलापासून किती पावलं? बायकांच्या बाथरूमला कडी आहे का, पाणी आहे का, सॅनिटरी पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का? अनेक जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण बाथरूम दुसऱ्या मजल्यावर, तेही सामायिक. हे कुणी फॉर्मवर लिहीत नाही. पायाने चाललात तरच दिसतं.

दुसरा दिवस टेबलांचा. कॉम्प्युटरच्या पडद्याची वरची कडा डोळ्यांच्या रेषेत, पडदा हातभर लांब, कोपर काटकोनात, पाय जमिनीला टेकलेले. या चार गोष्टी प्रत्येक टेबलाशी ताडून बघा. बहुतेक ठिकाणी टेबल लिहिण्यासाठी केलेलं असतं आणि कीबोर्ड त्यावर मागाहून आलेला, म्हणून खांदे दिवसभर उचललेले राहतात. पडद्याखाली जाड फाइल ठेवणं आणि पायाखाली लाकडी पाट सरकवणं याला निविदा लागत नाही. डोळ्यांसाठी साधा नियम: दर २० मिनिटांनी, २० फुटांवरच्या वस्तूकडे, २० सेकंद. खिडकीबाहेर माड असेल तर उत्तम.

तिसरा दिवस काउंटरचा. तुमची इंटर्नशिप मे-जूनमध्ये असते आणि मामलेदार कचेरीत वर्षातली सगळ्यात मोठी रांग त्याच वेळी लागते. प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला, त्यातच कुणाला जमिनीचा एक-चौदाचा उतारा आजच्या आज हवा. मागच्या वर्षी तुम्हीही त्याच रांगेत घामाघूम उभे होता आणि खिडकीपलीकडच्या बाईंवर मनातून चिडला होता. आता काचेच्या आतून बघा. त्या बाई तासाला किती माणसांशी बोलतात? त्यांना खुर्चीवरून किती वेळा उठता येतं? सर्व्हर बंद पडला की शिव्या कुणाला बसतात? एका मुलीने हे मोजून फक्त एक सूचना केली होती, की दर दोन तासांनी खिडकीवरचा माणूस बदलावा आणि कागद अपुरे असतील ते रांगेतच एका शिपायाने तपासून सांगावं. त्या एका पानाचं मोल मला जाड अहवालांपेक्षा जास्त वाटतं.

मैदानी कर्मचाऱ्यांसाठी (लाईनमन, रस्त्यावरचे कामगार, वनरक्षक) हीच पाहणी उन्हात करावी लागते. मेच्या दमट उकाड्यात घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही, म्हणून पाणी, सावली आणि दुपारचं जड काम सकाळी नेणं या तीनच गोष्टी आधी. पाऊस लागला की साचलेल्या पाण्यात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका. गमबूट फाटलेले आहेत का तेही बघा.

९. अशा कार्यक्रमांनी खरंच काही फरक पडतो का?

हा प्रश्न विचारणारी मुलं मला आवडतात. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने आपल्या सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले आणि एकालाच वेलनेस कार्यक्रम दिला. २०१९ मध्ये निष्कर्ष आले: वैद्यकीय खर्चात, रजांत, सवयींत म्हणावा असा फरक नाही. शिवाय कार्यक्रमात जे आपणहून आले ते आधीपासूनच कमी आजारी होते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीच्या १६० ठिकाणी झालेल्या प्रयोगातही, दीड वर्षानंतर लोकांनी सवयी सुधारल्याचं सांगितलं, पण रक्तदाब-साखरेसारख्या मोजमापांत फरक दिसला नाही.

आता दुसरी बाजू. ब्रिटनमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांचाच मोठा अभ्यास झाला, व्हाइटहॉल अभ्यास. सगळे सरकारी, सगळ्यांची नोकरी पक्की, तरी सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या, म्हणजे शिपाई आणि दरवानांच्या वर्गातल्या पुरुषांत हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वोच्च श्रेणीच्या तिपटीच्या आसपास होते. धूम्रपान, रक्तदाब वगैरे वजा करूनही बरीच तफावत उरत होती. १९८५ मध्ये १०,३०८ स्त्री-पुरुषांवर दुसरा अभ्यास सुरू झाला, आणि त्यात आपल्या कामावर आपला ताबा कमी असणं हे हृदयविकाराशी जोडलेलं दिसलं.

माणसाला 'चाला, कमी खा, श्वास घ्या' सांगून फार हलत नाही. कामाची पद्धत बदलली, माणसाच्या हातात थोडं ठरवणं दिलं, तर हलण्याची शक्यता जास्त. म्हणून मी तुम्हाला काउंटरवर पाठवते. आणि म्हणून कार्यक्रमाला कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही याची नोंद जास्त काळजीने करा.

१०. साफसफाईवाल्या, सिक्युरिटी, डेटा एंट्रीची मुलं कंत्राटी आहेत. त्यांना धरायचं का?

आधी त्यांनाच धरा. प्रश्न ९ मधले शिपाई आणि दरवान आठवा. 'ते आमच्या खात्याचे नाहीत' असं उत्तर मिळेल आणि कागदावर ते खरंही असेल, कारण नेमणूक महामंडळामार्फत किंवा ठेकेदारामार्फत असते. पण पाय त्यांचे याच इमारतीत दुखतात. मंजुरीच्या पत्रातच 'या आवारात काम करणारे सर्व' असा शब्द घालून घ्या.

११. फॉर्मवर नाव लिहायला सांगितलं नाही, म्हणजे तो निनावी झाला ना?

नाही. इथे मी थोडी थांबणार आहे.

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती. इथे प्रत्येक जण कुणाचा तरी वर्गमित्र, शेजारी, वाड्यावरचा किंवा मावशीच्या नणंदेचा दीर असतो. मोठ्या शहरात जे निनावी ठरतं ते आपल्याकडे दोन प्रश्नांत उघडं पडतं.

पहिल्याच वर्षी माझ्या विद्यार्थिनीच्या अहवालात एक वाक्य होतं. 'रेकॉर्ड विभागातील पन्नाशीपुढील एका महिला कर्मचाऱ्याने वरिष्ठांच्या बोलण्याचा त्रास होत असल्याचे सांगितले.' नाव कुठेच नव्हतं. पण त्या विभागात पन्नाशीपुढची बाई एकच होती. अहवाल गेला आणि आठवड्याभरात त्यांचं टेबल हललं. खालची सही माझी होती. त्या बाईंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, पण पुन्हा कधी कुणाला काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही. तेव्हापासून आमचे नियम ठरले आहेत:

वय, लिंग, पद, विभाग, गाव यांतलं जेवढं लागेल तेवढंच विचारा. सगळं एका फॉर्मवर कधीच नाही. ज्या गटात पाचपेक्षा कमी माणसं आहेत त्यांचा वेगळा आकडा द्यायचा नाही, मोठ्या गटात मिसळायचा. कुणाचंही वाक्य जसंच्या तसं अहवालात घालू नका, बोलण्याची लकब ओळखू येते. हस्ताक्षरही ओळखू येतं, म्हणून उत्तरं खुणांची ठेवा आणि मोकळं उत्तर तुम्ही ऐकून तुमच्या अक्षरात लिहा. फॉर्म गोळा करायला पेटी ठेवा, ती हेड क्लार्कच्या टेबलावर नको. ऑनलाइन फॉर्म असेल तर ईमेल नोंदवण्याचं बटण बंद आहे ना, हे पाठवण्याआधी स्वतः भरून तपासा.

आणि हे सगळं करूनही पूर्ण निनावी राहील अशी हमी देऊ नका. 'मी माझ्याकडून पूर्ण काळजी घेईन' एवढंच म्हणा.

१२. साहेबच भरलेले फॉर्म मागताहेत. नाही कसं म्हणायचं?

तुम्ही म्हणायचंच नाही, पत्राने म्हणायचं. प्रश्न ४ मधली गुप्ततेची हमी त्यासाठीच. शांतपणे सांगा, "सर, महाविद्यालयाच्या नियमानुसार भरलेले फॉर्म आमच्या टीचरकडे जमा होतात, एकत्रित आकडे मी तुम्हाला शुक्रवारी देते." मग त्याच दिवशी मला फोन करा, पुढचं बोलणं माझं काम. बहुतेक अधिकारी वाईट हेतूने मागत नाहीत, 'माझ्या माणसांना काय होतंय' हे त्यांना खरंच कळायला हवं असतं. म्हणून आकडे लवकर आणि नीट द्या. फॉर्म मात्र रात्री ऑफिसच्या कपाटात ठेवू नका.

१३. बीपी-शुगरचं शिबिर घ्यायचं आहे. आम्हीच मशीन घेऊन बसलो तर?

टोचण्याचं काम परिचारिका किंवा डॉक्टर करतील. त्यासाठी जवळच्या आरोग्य केंद्राला खात्यामार्फत पत्र द्या. तुम्ही रांग, बसण्याची जागा आणि खासगीपणा सांभाळा. रक्तदाब मोजण्याआधी माणूस पाच मिनिटं पाठ टेकून बसलेला हवा, हात हृदयाच्या पातळीवर, अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू नको. दोन जिने चढून आलेल्याचा हात लगेच पट्ट्यात घातला तर भलताच आकडा येतो. १४०/९० किंवा वर आलं तरी 'तुम्हाला बीपी आहे' म्हणू नका. निदान वेगवेगळ्या दिवशी मोजून डॉक्टर करतात. १८०/१२० च्या पुढे असेल तर मात्र त्याच क्षणी डॉक्टरांकडे. आकडा मोठ्याने वाचायचा नाही, चिठ्ठीवर लिहून त्याच माणसाच्या हातात द्यायचा.

शिबिर नको असं मी म्हणत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. देशाचं ११.४. म्हणजे चार प्रौढांत एकापेक्षा जास्त. पण तपासून पुढे काहीच केलं नाही तर तो नुसता आकडा राहतो. कँटीनवाल्या काकांशी बोला. भाजी-पावाबरोबर कोंड्याची पोई ठेवता येईल का, चहा बिनसाखरेचा वेगळा उकळता येईल का? मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे लोणचं आणि सुकी मासळी बाजूला ठेवल्याशिवाय ते जमत नाही, हेही खरंच सांगा.

१४. इंटरनेटवरची डिप्रेशनची टेस्ट सगळ्यांना दिली तर चालेल?

नको. त्यातल्या काहींत स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल थेट प्रश्न असतो. कुणी 'हो' लिहिलं आणि फॉर्म निनावी असला, तर तुम्ही त्या माणसापर्यंत पोहोचणार कसे? ज्या उत्तरावर आपण काही करू शकत नाही तो प्रश्न विचारायचा नाही. झोप, थकवा, कामाचा ताबा, सहकाऱ्यांचा आधार एवढ्यावर राहा.

१५. बोलता बोलता कुणी रडायला लागलं, किंवा 'जगावंसं वाटत नाही' म्हणालं तर?

आधी थांबा. वही मिटा. पाणी द्या, घाई करू नका, 'असं नका बोलू' म्हणून गप्प करू नका. रडणं हे संकट नव्हे, कुणीतरी पहिल्यांदा नीट विचारलं एवढंच असतं बरेचदा.

जगण्याचाच विषय निघाला तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' असेल तर त्यांना एकटं सोडू नका. टेली-मानस १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतीचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं, तुमच्याच फोनवरून लावून द्या. धोका समोर दिसत असेल तर १०८. बांबोळीला मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था आहे, तिथे उपचार होतात. मला फोन करा, रात्र असली तरी. आणि त्यांना आधीच सांगा की ही एक गोष्ट मी माझ्यापुरती ठेवू शकणार नाही. गुप्ततेला हा अपवाद आहे, आणि तो मुलाखतीच्या सुरुवातीलाच सांगून ठेवायचा असतो.

समुपदेशन मात्र करू नका. गोव्याच्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मदत केली आणि सरकारी केंद्रांत त्याचा गुण आला, हे २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आपल्याला अभिमान वाटावा असंच ते काम. पण त्या समुपदेशकांना आधी शिकवलं होतं आणि वर देखरेख होती. तुमच्या हातात महिना आहे आणि तुम्ही वीस वर्षांचे आहात. ऐकणं आणि योग्य दारापर्यंत पोहोचवणं, एवढं पुरे आहे. घरी आल्यावर तुम्हाला झोप लागली नाही तर तेही सांगा.

१६. एका ड्रायव्हरच्या तोंडाला सकाळीच वास येतो. सांगायचं की गप्प राहायचं?

गाडी, विजेची तार, झाडं तोडण्याचं यंत्र अशा जिवावरच्या कामावर माणूस निघाला असेल तर त्याच क्षणी मार्गदर्शकांना सांगा. हा प्रश्न १५ सारखाच अपवाद. तसं नसेल तर तुम्ही तपासनीस नाही, अहवालात 'अमुक विभागात व्यसन' असंही लिहू नका. दारूचं व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, बांबोळीलाच. ते माहितीपत्रक सूचनाफलकावर लावा, सगळ्यांसाठी, कुणाकडेही न बघता.

१७. माझी आत्या त्याच खात्यात आहे. बरंच की!

ओळखीने पत्र लवकर पुढे जाईल, पण कुणी तुमच्याशी मोकळं बोलणार नाही. दुसरं खातं घ्या. छोट्या तालुक्यात दुसरं नसेलच तर आत्याच्या विभागात मुलाखती दुसऱ्या विद्यार्थ्याने घ्यायच्या आणि ही गोष्ट अहवालात नमूद करायची.

१८. माझ्याशीच कुणी गैर वागलं तर? मी तर कर्मचारी नाही.

२०१३ चा कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा तुम्हाला पूर्ण लागू आहे. त्यातल्या व्याख्येत शिकाऊ, प्रशिक्षणार्थी, बिनपगारी काम करणारीही येते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. लहान कार्यालयासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची, सबळ कारण असेल तर मुदत वाढते. समितीची नावं पहिल्याच दिवशी फलकावरून टिपून घ्या. फलकच नसेल तर तो तुमच्या अहवालाचा पहिला मुद्दा.

हा कायदा स्त्रियांसाठी आहे. मुलग्यांना त्रास झाला तर महाविद्यालयाच्या तक्रार निवारण कक्षाकडे या, तितक्याच गांभीर्याने घेतलं जाईल. क्रेडिट जातील म्हणून कुणीही सहन करू नका. उरलेले तास दुसरीकडे पूर्ण करता येतात.

१९. मधेच आचारसंहिता लागली, मार्गदर्शकांची बदली झाली, आता?

बदली झाली तर नव्या अधिकाऱ्यांना जुनं मंजुरीपत्र आणि सह्या असलेली नोंदवही दाखवा. खात्याने दिलेली मंजुरी एका व्यक्तीची नसते. आचारसंहितेत नवे जाहीर कार्यक्रम अडतात आणि निम्मे कर्मचारी निवडणुकीच्या कामाला जातात. शिबिर, उद्घाटन, फलक थांबवा. पाहणी आणि लेखन चालू ठेवायला अडचण येत नाही, पण खात्याला विचारून.

२०. अहवाल मी माझ्या प्रोफाइलवर टाकू? रील केली तर?

ऑफिसच्या आतले फोटो लेखी परवानगीशिवाय नाहीत. फोटोत टेबलावरची फाइल, पडद्यावरचं नाव, रांगेतला माणूस येतो. आपण काय शिकलो ते लिहा, खातं आणि माणसं न ओळखता येतील असं.

इथे एक गोष्ट मुलांना ठाऊक नसते. खात्याला दिलेला अहवाल हा त्यांच्या दप्तराचा भाग होतो आणि माहिती अधिकारात कुणीही तो मागू शकतो. म्हणून लिहितानाच असं लिहा की तो कुणाच्याही हाती पडला तरी कुणाचं टेबल हलणार नाही. मूळ फॉर्म खात्याला द्यायचे नसतात (प्रश्न १२). निकाल लागल्यावर ते आम्ही फाडून नष्ट करतो.

२१. टीचर, मी एवढी मेहनत घेतली आणि काहीच झालं नाही. फिल्टर अजून तिथेच आहे.

माहीत आहे. वाईट वाटणं बरोबर आहे, मलाही वाटतं. पुढच्या वेळी सूचना दोन भागांत लिहा: पैसे न लागता उद्यापासून होईल ते आधी, अंदाजपत्रकात घालावं लागेल ते नंतर. पहिल्या भागातल्या एका गोष्टीचा, उदाहरणार्थ बाथरूमच्या कडीचा, इंटर्नशिप संपायच्या आत स्वतः पाठपुरावा करा. दुसऱ्या भागासाठी अहवाल इनवर्डला देऊन नंबर घ्या आणि दिवाळीच्या आधी एकदा जाऊन विचारा, कारण पुढच्या वर्षाच्या खर्चाचे आकडे त्याच सुमारास जुळवायला घेतात. जाताना त्या नंबराची प्रत बरोबर न्या आणि काउंटरवरच्या बाईंना भेटून या. त्या तुमची वाट बघत असतात.